आवाजाचं स्मरणचित्र

प्रश्न: सर, नमस्कार. मी अंबाजोगाईला एका विनाअनुदानित शाळेत चित्रकला शिकवते. एटीडी, म्हणजे कलाशिक्षक पदविका, केलंय. दिवसभर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांची स्थिरचित्रं, स्मरणचित्रं, संकल्पचित्रं तपासायची आणि रात्री घरात निजानीज झाली की स्वतःचं काढायचं, असं चार वर्षं चाललंय. जे काढते ते सगळं कुमार गंधर्वांच्या आवाजावर. कानात हेडफोन, त्यांची निर्गुणी भजनं लावलेली, समोर जलरंग. हात आपोआप चालतो, रात्री वाटतं जमलं. सकाळी बघते तर कागदावर नुसता चिखल. त्यात मला गाण्यातलं काही कळत नाही, राग ओळखता येत नाहीत, म्हणून कुणासमोर बोलायची लाज वाटते. लातूरला एका ग्रुप शोमध्ये दोन चित्रं ठेवली होती. तिथं एक ज्येष्ठ चित्रकार म्हणाले, "हे उसनं आहे बाई. गाणं त्यांचं, यात तुझं काय?" तेव्हापासून हात आखडलाय. घरचे म्हणतात, त्यापेक्षा कुमारजींचं तंबोऱ्यासकट पोर्ट्रेट काढ, निदान विकलं तरी जाईल. काय करू?
एक वाचक, अंबाजोगाई

ताई,

पत्रात तुम्ही चार गोष्टी विचारल्यात. मला त्यातली पहिलीच महत्त्वाची वाटते, रात्री जमलेलं आणि सकाळी चिखल झालेलं. तो चिखल नसता तर लातूरच्या त्या गृहस्थांचं बोलणं तुम्हाला एवढं लागलंच नसतं. म्हणून आधी चिखलाकडे वळू.

हे माझ्याही बाबतीत झालेलं आहे. नांदेडला भाड्याच्या खोलीत राहायचो, नोकरी नवी होती. एक कॅसेट प्लेअर घेतला होता आणि भीमसेनजींच्या अभंगांच्या दोन कॅसेट. रात्री जेवण झालं की टेप लावायचो आणि इम्पीरियल कागद पसरून जलरंगात हात मारायचो. एकदा अर्ध्या अभंगात लाईट गेली. मराठवाड्यात त्याचं कुणाला नवल? कंदील पेटवला, काच पुसली, कागदाजवळ धरला. आणि बघतो तर चित्रात काहीच नाही. रंग होते, फटकारे होते, पण पाच मिनिटांपूर्वी मला दिसत होतं ते कागदावर कुठं सापडेना. बराच वेळ तसाच बसलो. मग लाईट आली. टेपचं बटण दाबलेलंच होतं, त्यामुळे ती आपली आपण सुरू झाली, आधी आवाज जरा बसका आणि मग सरळ. आणि काय सांगू तुम्हाला, चित्र परत सुंदर दिसायला लागलं!

मला जे दिसत होतं ते सगळं टेपमध्ये होतं. लातूरच्या हॉलमध्ये चित्रासमोर उभा राहणारा माणूस तुमचा हेडफोन घालून येत नाही. त्याच्या कानात पंख्याची घरघर असते आणि मागं कुणाचा तरी फोन वाजत असतो.

तेव्हा माझा सल्ला एवढाच: ऐकत ऐकत काढू नका. ऐकून झाल्यावर काढा.

तुम्ही मुलांना स्मरणचित्र शिकवता. बाजाराचं चित्र काढायचं असेल तर मुलाला कागद घेऊन बाजारात बसवत नाही. तो बाजार बघून आलेला असतो. वर्गात बसल्यावर त्याला काय आठवतं, तर तराजू, एका बाईची पिशवी, केळीच्या गाड्याचं तिरकं चाक. बाकीचं गळून जातं, आणि त्यामुळेच चित्र होतं. तुम्हाला आवाजाचं स्मरणचित्र काढायचंय. एक भजन लावा, हात मांडीवर ठेवा, पेन्सिलसुद्धा नको. संपलं की बंद करा. उठा, पाणी प्या, उंबऱ्यापर्यंत जाऊन या. मग बसा आणि कानात जे उरलं असेल तेवढंच काढा. कधी काहीच उरणार नाही. त्या दिवशी झोपा. सकाळी शाळा आहेच.

चित्रकार कांदिन्स्कीचं नाव एटीडीला तुम्ही वाचलं असेल. जानेवारी १९११ मध्ये म्युनिकला शोनबर्ग या संगीतकाराची मैफल ऐकून त्यानं एक चित्र केलं. पिवळ्या रंगाचा मोठा लोंढा आणि त्यात पियानोच्या झाकणाचा काळा आकार. त्याची पेन्सिलची कच्ची रेखाटनंही राहिली आहेत, त्यात श्रोत्यांची डोकी आणि पियानो ओळखू येतात. मैफलीत ईझल मांडून तो बसला नव्हता. आपल्याकडे गायकाच्या शेजारी उभं राहून चित्र रंगवण्याचे कार्यक्रम होतात, मीही दोन-तीन पाहिलेत, टाळ्या भरपूर पडतात. ती चित्रं दुसऱ्या दिवशी परत जाऊन बघावी असं मात्र मला कधी वाटलं नाही. असो, हे माझं मत.

आता चिखल नेमका का होतो ते सांगतो, कारण त्यात भावनेपेक्षा पाण्याचा भाग जास्त आहे. जलरंगाला वाळायला वेळ लागतो. गाणं तर थांबत नाही, मग तुम्हीही थांबत नाही. ओल्या लालवर ओला हिरवा गेला की तपकिरी होणार, त्यावर निळा गेला की राखाडी. सहावीतल्या मुलाला तुम्ही रोज हेच सांगता. रात्री स्वतःला सांगायचं राहून जातं, कारण कानात इतकं काही चाललेलं असतं की हात रिकामा ठेवणं अपराध वाटतो.

आणि इथंच मला तुमच्या गायकाचं नवल वाटतं. हात थांबवायला शिकायचं असेल तर कुमारजींसारखा दुसरा गुरू मिळायचा नाही.

त्यांची कहाणी तुम्हाला माहीत असेल, तरी चित्रकाराच्या नजरेनं पुन्हा बघा. १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्म. ऐन पंचविशीच्या आत क्षय झाला, कोरड्या हवेसाठी देवासला जाऊन राहिले, डॉक्टरांनी गाणं बंद केलं. जवळपास पाच वर्षं हा माणूस अंथरुणाला खिळून गप्प होता. खिडकीतून माळव्यातल्या बायकांची गाणी, येणाऱ्या-जाणाऱ्या जोग्यांची भजनं ऐकत होता. उठला तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेलं होतं. पुढं त्यांनी जे गायलं त्यातल्या छोट्या, टोकदार फेकी, तान मध्येच सोडून देणं, एखादा स्वर एकदम भरून लावायचा आणि लगेच मागं सरायचं, याचा संबंध जाणकार त्या श्वासाशीही जोडतात. नुसत्या श्वासाशी नव्हे, विचाराशीही. पण श्वास आहेच.

एक करून बघा. तुमचं सगळ्यात आवडतं भजन लावा आणि गाण्याकडे लक्ष देऊ नका, ते कुठं गात नाहीत तिकडं लक्ष द्या. ओळ संपते, ते थांबतात. त्या थांबण्यात तंबोरे वाजत असतात. तंबोरा जुळवण्याबाबत कुमारजी किती काटेकोर होते याच्या आठवणी त्यांना जवळून ऐकलेली माणसं अजून सांगतात. का, ते मला चित्र काढताना कळलं. ते थांबतात तेव्हा आपल्याला तंबोराच ऐकू येणार असतो. तो बेसूर असेल तर थांबताच येणार नाही, सारखं गात राहावं लागेल. तुमच्या कागदाचंही तसंच आहे. कागद चांगला असेल, त्याचा पोत तुम्हाला ठाऊक असेल, तर तो मोकळा सोडायची हिंमत होते. पातळ, सुरकुतणारा कागद घेतला की माणूस घाबरून तो झाकत सुटतो. महिन्याला दहा साधे कागद घेण्यापेक्षा दोन हातकागद घ्या.

थोडक्यात, तुम्ही त्यांची विश्रांतीही रंगवून टाकताय.

पहिले तीन आठवडे रंग बंद. शाई आणि बोरू. बोरू मिळत नसेल तर बांबूची काडी तासून घ्या, शाळेच्या कुंपणाला असेलच. कागद कुठलाही चालेल, जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी उत्तम. ऐकून झाल्यावर आठवलेली एक ओळ घ्यायची आणि एका श्वासात एक रेघ काढायची. श्वास संपला की बोरू उचलायचा. आवाज जिथं जाड होता तिथं दाब, जिथं धार होती तिथं कडेनं. बोरूची शाई पटकन संपते, ते बरंच आहे, तुम्हाला बुडवायला थांबावंच लागेल. पहिल्या आठवड्यात डॉक्टरांकडच्या ईसीजीसारखं काहीतरी होईल. होऊ द्या.

मग दुसरा गळा घ्या. हे फार गमतीचं असतं. यमन, भूप, तोडी, कुठलाही नेहमीचा राग घ्या आणि तो भीमसेनजींचा ऐका, कुमारजींचा ऐका. भीमसेनजींचा दमसास असा की रेघ मनगटातून येतच नाही, खांद्यातून येते. त्यांच्यासाठी भिंतीला मोठा ब्राऊन पेपर लावून उभं राहावं लागलं मला, आणि बोरूऐवजी कोळसा. किशोरीताई आमोणकरांची आलापी ऐकून बोरू हातात घेतला तर बोरू निरुपयोगी. एका स्वरातून दुसऱ्यात त्या अशा सरकतात की हद्द कुठं आहे सांगता येत नाही. तिथं रुंद, जवळजवळ कोरडा ब्रश. हे तीन कागद शेजारी शेजारी लावा आणि कुणालाही न सांगता आठ दिवस भिंतीवर राहू द्या. राग तोच, कागद मात्र एकमेकांना ओळखही दाखवणार नाहीत.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. राग ओळखता येत नाही म्हणून लाजू नका. रागाची चित्रं काढण्याची परंपरा आपल्या दख्खनमध्ये जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीला अहमदनगर-विजापूरकडे रागमाला चित्रं झाली. तोडी म्हणजे हातात वीणा घेतलेली स्त्री आणि तिच्याभोवती हरणं, हिंदोल म्हणजे झोपाळा. सुंदर चित्रं आहेत, जरूर बघा. पण ती रागाच्या ठरलेल्या ध्यानावरून, म्हणजे शब्दांतल्या वर्णनावरून केलेली आहेत, कुणा एकाच्या गळ्यावरून नव्हेत. वीणा आणि हरणं काढली की तोडी झाली, मग ती कोण का गाईना. तुम्ही ज्याच्या मागं लागलाय तो राग नाही, गळा आहे. आणि गळा ओळखायला शास्त्र लागत नाही. पलंगावर पडल्या पडल्या, अंगणात कोण खोकलं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर कळतं.

फक्त एक शिका. तंबोऱ्याचा सा पकडायला. गाणं चालू असताना मध्येच हळूच तो गुणगुणून बघा आणि गाणं कितीही वर गेलं तरी तो सोडू नका. तो एकदा हाती लागला की तुमच्या कागदावर जमिनीची रेघ कुठं आहे ते समजतं, कुमारजी किती वर उडी मारताहेत आणि कुठून, हेही. घरात पेटी असेल तर पंधरा दिवसांत होईल. तुमच्या गावात गाणारी माणसं आहेत, एखाद्या बाईंकडे जाऊन विचारलंत तर हसणार नाहीत.

आणि कान काही कोरा नाही तुमचा. मुकुंदराजांची समाधी तुमच्या गावाला आहे. कार्तिकात काकडा असतो, पहाटेची थंडी, पेटीवाला अजून बोटं चोळतोय आणि मागच्या रांगेत कुणीतरी ऐंशीच्या घरातला माणूस घोगऱ्या आवाजात सगळ्यांच्या अर्धी मात्रा मागं म्हणतो. त्याच्या आवाजाचं स्मरणचित्र काढा कधीतरी. आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मला अजून आठवतात, शब्द नाही आठवत, पण जात्याचा फेरा जड झाला की ओवीचा शेवटचा सूर कसा दाबला जायचा तो आठवतो. तो दाब मी गेली कित्येक वर्षं रेघेत आणायचा प्रयत्न करतोय. कुमारजींना सोडा असं सांगत नाही. पण एकाच आवाजावर चार वर्षं म्हणजे रोज एकच भाजी.

रंगाकडे परत याल तेव्हा तीनच घ्या. निर्गुणी भजन म्हटलं की भगवा आणि गडद निळा लावायचा मोह होतो, तो सोडा, दिनदर्शिकेचं चित्र होतं. भजनात हंस आला की चित्रात पांढरा पक्षी येत असेल तर तोही उडवून द्या. शब्दाचं चित्र काढायला आवाज कशाला हवा? अजिंठ्याला गेलाच असाल. पुन्हा जा आणि या वेळी फक्त रंग मोजा. गेरू, पिवळी माती, काजळी, चुन्याचा पांढरा, हिरवी माती, बहुतेक सगळा कारभार मातीवरच आहे. निळा लाजवर्दी दगडाचा, बाहेरून आणलेला, तो त्यांनी जपून वापरला. आधी गेरूनं रेघ, मग रंग, मग पुन्हा रेघ. गेरू, पिवळी माती आणि काळी शाई एवढ्यावर तुम्ही सहा महिने काढू शकता. पैसेही वाचतील, विनाअनुदानितवाल्यांना तेही बघावं लागतं.

आता ते 'उसनं'.

ते ज्येष्ठ गृहस्थ कोण ते मी विचारत नाही. त्यांना जे दिसलं ते कदाचित बरोबर होतं, नाव चुकीचं दिलं त्यांनी. चित्र हेडफोनशिवाय उभं राहत नव्हतं, एवढंच. दुसऱ्याकडून घेणं हा जर गुन्हा असेल तर पहिला गुन्हेगार तुमचा गायकच. सात-आठ वर्षांचे असताना हे कुमार मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तसंच गायचे, लोक तोंडात बोटं घालायचे. तेवढ्यावरच राहिले असते तर आज नाव राहिलं नसतं. मुंबईला संगीतशिक्षक बी. आर. देवधर मास्तरांकडे शिकले, आणि पुढं त्या आजारपणात कानावर पडलेल्या माळव्याच्या लोकधुनांमधून त्यांनी नवे राग बांधले, मालवती, संजारी असे. धुनउगम राग म्हणायचे ते त्यांना, म्हणजे धुनेतून उगवलेले. लोकगीत आहे तसं उचलून मंचावर म्हटलं असतं तर ते उसनं. त्यांनी धून फिरते कशी, कुठल्या स्वरावर टेकते, कुठला टाळते ते बघितलं आणि त्या चालीनं आपलं घर बांधलं. तुम्हीही आवाजाची चाल घ्या. त्यानं डोळ्यांत आलेलं पाणी घेऊ नका, ते प्रत्येकाच्याच डोळ्यांत येतं.

पारख साधी आहे. पुढच्या शोमध्ये चित्राखाली 'कुमार गंधर्वांना समर्पित' लिहू नका. प्रत्येक चित्राखाली तर अजिबात नको. चित्राला माप, माध्यम, साल, बस. दाराजवळच्या निवेदनात एक ओळ लिहा की ही चित्रं कुणाचा आवाज ऐकून झाली. ते ऋण आहे, सांगायला हवं. पण नाव वाचून लोक आपल्या आठवणीतलं गाणं तुमच्या चित्रात ओततात आणि 'वा' म्हणतात, आणि ते 'वा' तुम्हाला चार वर्षं फसवत ठेवू शकतं. हॉलमध्ये रेकॉर्ड लावायचा विचारही काढून टाका. एक तर परवानगीचा प्रश्न, ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यावर ६० वर्षं त्यावर हक्क असतो आणि जाहीर ठिकाणी वाजवायला हक्कदाराची मुभा लागते. आणि दुसरं, परत तीच टेप आणि तोच कंदील.

पोर्ट्रेटचं म्हणाल तर काढा की. त्यात कमीपणा कसला? तंबोरा, खांद्यावर शाल, डोळे मिटलेले. घेणारा मिळाला तर निम्मे पैसे आधी घ्या आणि मन लावून करा. आम्ही बोर्ड रंगवलेत, गणपतीचे पडदे रंगवलेत, त्यावर घर चाललंय. एकच करा, इंटरनेटवरचा फोटो चौकटी आखून जसाच्या तसा उतरवून विकू नका. त्या फोटोवर फोटोग्राफरचा हक्क असतो, आणि त्यात तुम्हाला मिळण्यासारखंही काही नाही. चार-पाच फोटो, एखादी जुनी चित्रफीत बघा, गाताना त्यांची मान आणि हात कसे जातात ते टिपा, आणि स्वतःची मांडणी करा. दिवसाचं काम दिवसा. रात्रीची वही वेगळी ठेवा, तिच्यात पोर्ट्रेट शिरू देऊ नका आणि घरच्यांनाही ती इतक्यात दाखवू नका.

तीन आठवड्यांनी मला रेघांची चळत पाठवा. निवडून पाठवू नका, सगळी पाठवा, फसलेलीसुद्धा, आणि मागं पेन्सिलीनं लिहा की कुठली ओळ ऐकली होती. मी ते आधी वाचणार नाही. रंगीत काही पाठवू नका, पाठवलंत तर न बघता परत येईल.

आणि हो, ते अभंगाचं चित्र मी टाकलं नाही. कागद चांगला होता. दुसऱ्या दिवशी उलटा करून त्याच्या पाठीवर, टेप न लावता, सोयाबीनच्या रानातल्या पेरणीच्या रेघा काढल्या. ते पान अजून माझ्याकडे आहे. समोरची बाजू कुठली म्हणायची, ते मात्र अजून ठरलेलं नाही.